तिसरी पिन

१३ जानेवारी २०२५, सोमवार. भोगी

पहाटे साडेपाचला बाथरूममधून हिची हाक. "अहो, गिझर रडतोय."

गेलो तर खरंच. पांढऱ्या पत्र्यावरून तांबूस ओघळ आणि खालच्या बादलीत टपटप. बटण दाबलं तर बोर्डातला एमसीबी पडला. वर केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा हात नेला तेव्हा हिने मनगट धरलं.

भोगीला तीळ वाटून अंगाला लावून न्हायचं, हा आमच्याकडे आईपासूनचा रिवाज. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणतात. न न्हाणाऱ्याचं काय होतं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. शेवटी शेगडीवर मोठं पातेलं चढलं. दोन बर्नर आणि कामं तीन: बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि माझं पाणी. पाण्याचा नंबर अर्थातच शेवटी लागला.

कढत पातेलं फडक्याने धरून बाथरूमपर्यंत नेताना नारायण पेठेतल्या वाड्यातला बंब आठवला. तांब्याचा, माझ्या कमरेएवढा. मधून धुराडं, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. आजी पहाटे उठून बंबफोड, नारळाच्या करवंट्या, कधी लाकडाचा भुसा घालून तो पेटवायची. नियम एकच: एक बादली गरम काढली की एक बादली गार वरून ओतायची. जो ओतणार नाही त्याला आजीचं बोलणं बसायचं. बंब गळायला लागला की कसबा पेठेतल्या तांबट आळीत न्यायचा. तिथे आळीच्या तोंडापासूनच ठोक्यांचा आवाज कानावर यायचा, आणि तांबट गळकी जागा ठोकून-सांधून परत द्यायचा. बंब बिघडला की काय बिघडलंय ते आजीला नुसतं बघून कळायचं. मी ह्या गिझरकडे पंधरा मिनिटं बघत उभा होतो. एक लाल दिवा, तोही विझलेला.

नवा आणायचा झाला तर बसवायला माणूस बोलवायचा नाही, हे मी मनात ठरवून टाकलं. हिला अजून सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

अडतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. आम्ही मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं. गिझर खोलणं म्हणजे काय मोठंसं.

मेन बंद केला, पाणी काढून टाकलं, खालचं झाकण उघडलं. कॉइल आणि थर्मोस्टॅट एकाच तबकडीवर बसवलेले असतात. ती सोडवली तर आतून दोन ओंजळी क्षार पडले, अंड्याच्या टरफलांसारखे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्याचा हा प्रसाद. पण खरी गंमत पुढे होती. ह्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, अंगठ्याएवढी जाड. टाकी पोलादाची, आतून काचेचा लेप दिलेला. लेपाला कुठे केसाएवढी चीर गेली की पाणी पोलाद खायला लागतं. पण जवळ मॅग्नेशियम असलं तर ते स्वतः आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. म्हणून ती कांडी दर दोन-तीन वर्षांनी बघायची, झिजली असली तर बदलायची. माझ्या कांडीच्या जागी सुतळीएवढी तार उरली होती. गिझर २००९ चा. सोळा वर्षांत कांडी बदलणं सोडाच, ती आत आहे हेच मला माहीत नव्हतं. मशीनच्या ग्रीसिंगचा तक्ता भिंतीवर लावणारा माणूस मी! सर्व्हिसिंगला दोनदा माणूस येऊन गेला होता. त्याने बाहेरून फडकं मारून सही घेतली होती.

टाकीच्या बुडाला टाचणीएवढं भोक. ह्याला इलाज नाही.

संध्याकाळी तिळगूळ द्यायला खालचे सर आले. निवृत्त शिक्षक, गणिताचे. गिझरचे अवयव हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडलेले बघून म्हणाले, "गोड बोला, आणि माणूस बोलवा."

१५ जानेवारी, बुधवार

मेट्रोने गेलो. आयडियल कॉलनीला बसलो, सिव्हिल कोर्टाला बदलली आणि जमिनीखालून थेट कसबा पेठ. तांबट आळीच्या जवळपास कुठेतरी आपण पाताळातून चाललोय, ह्याची मौज वाटली. वर येऊन चालत तपकीर गल्ली. पुण्यात विजेची वस्तू घ्यायची तर तपकीर गल्लीतच, हे आमच्या पिढीच्या हाडात गेलेलं आहे. वायर, होल्डर, पंखे, माळा, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुकानात शिरायचं एवढी वाट.

दुकानदाराने भिंतभर गिझर दाखवले. त्यावरचे तारे म्हणजे पाणी किती लवकर तापतं त्याचे गुण, असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. ते गुण तापवलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता गमावतं त्याचे. म्हणजे तारे गिझरच्या गोधडीचे. बटण लावून विसरणाऱ्या घरात त्यांना अर्थ आहे. आमच्याकडे ही बाथरूममधून बाहेर पडायच्या आत बटण बंद होतं, तिथे तीन काय आणि पाच काय.

तीन लिटरचा इन्स्टंट स्वस्त होता, पण तो ३००० वॉटचा. २३० व्होल्टला तेरा अँपिअर. माझी जुनी लाइन २००० वॉटची, पावणेनऊ अँपिअरच्या आत-बाहेर. वायर भिंतीच्या आत कशी आहे ते कोण जाणे. गॅस गिझर घ्या, बिल वाचेल, असं शेजारच्या गिऱ्हाइकाने आपणहून सुचवलं. पुण्यात सल्ल्याला कुणी पैसे घेत नाही. पण आमची बाथरूम चार बाय सहा, खिडकी म्हणून एक झरोका, तोही हिवाळ्यात पुठ्ठ्याने बंद. तिथे गॅस जळायचा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीला गेलेला माणूस दार आतून लावून घेतो, आणि मग बाहेरच्यांना कळेपर्यंत उशीर होतो. दर थंडीत अशी एखादी बातमी वाचलेली असते. नको.

पंधरा लिटर, २००० वॉट, साडेसात हजार. "काका, इन्स्टॉलेशन फ्री. उद्या कंपनीचा माणूस येईल."

"मी स्वतः बसवणार आहे."

त्याने वर बघितलं. "मग वॉरंटीचं कार्ड नीट वाचा."

तिथून बोहरी आळी. दोन फास्टनर, अठरा इंची दोन कनेक्शन पाइप, टेफ्लॉन टेप, आणि जुन्या सवयीने थोडा ताग. दुकानातला पोरगा ताग बघून हसला. आता कोण वापरतं, म्हणाला.

१६ जानेवारी, गुरुवार

न्यू जर्सीहून लेकीचा व्हिडिओ कॉल. मी अभिमानाने खोकं दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, एवढासा? हा तर आमच्याकडे किचनच्या सिंकखाली बसेल." त्यांच्याकडे तळघरात पन्नास गॅलनची टाकी, म्हणजे जवळजवळ १९० लिटर, गॅसवर, धुराड्यासकट. गेल्या वर्षी ती बदलली तेव्हा नगरपालिकेची परवानगी काढावी लागली आणि काम झाल्यावर इन्स्पेक्टर येऊन बघून गेला. स्वतःच्या घरात स्वतः करायलाही मनाई नाही, पण परवानगी हवी आणि तपासणी हवी. जावयाने दोन रात्री व्हिडिओ बघितले आणि तिसऱ्या दिवशी प्लंबरला फोन केला. बिल किती आलं ते लेकीने सांगितलं नाही. हिने दोनदा विचारलं तरी नाही.

आपल्याकडे काय कायदा आहे? कारखान्यातून निवृत्त होताना मेंटेनन्सच्या मित्राने दिलेलं वीज नियमांचं जुनं पुस्तक माळ्यावर होतं, ते काढलं. १९५६ चे भारतीय वीज नियम, नियम ४५. विजेचं कुठलंही काम, मग ते वाढीव असो की दुरुस्तीचं, परवानाधारक ठेकेदारानेच करायचं आणि तेही प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. अपवाद दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि घरगुती उपकरणं बदलण्याचा, तेही बदलल्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे नियम केले, त्यांतही हा अपवाद राहिला.

म्हणजे २००० च्या जागी २००० वॉटचा गिझर मी बसवला तर मी कायद्याच्या आत. ३००० चा घेतला असता आणि नवी वायर ओढली असती तर बाहेर. मी ही ओळ हिला मोठ्याने वाचून दाखवली.

"कायद्याने चालतं म्हणून भिंतीलाही चालेल का?" ही म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

१८ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस लिहू नये असा. पण लिहितो.

सुरुवात झकास. रिकामा गिझर आठ किलोचा, पाणी भरल्यावर तेवीस, तेव्हा फास्टनर कुठे बसतात ह्याला महत्त्व. जुनी भोकं ढिली झाली होती. चार बोटं वर नवी जागा घेतली, ड्रिल लावलं. आधी पिवळा गिलावा, मग विटेचा लाल भुगा. फास्टनर ठोकले, लेव्हल लावली, बुडबुडा बरोबर मधोमध. त्यावर स्वतः लोंबकळून पाहिलं. ही दारात उभी राहून म्हणाली, "आता अंघोळ तुम्हीच तिथून करा."

मग नळजोडणी. गार पाण्याची लाइन भिंतीतून येते तिथे अर्ध्या इंचाचं निपल, जीआयचं, इमारतीएवढंच जुनं, म्हणजे १९९१ चं. त्याच्यावरचा कॉक मला बदलायचा होता. खरं तर बदलायची गरज नव्हती. थोडा गळायचा, आणि हात लागलाच आहे तर तेही करून टाकू, असं वाटलं. ह्या 'करून टाकू'ने आयुष्यात माझं किती नुकसान केलंय त्याचा हिशेब नाही. पाना लावला. आटे हलेनात. पान्याच्या दांड्याला पाइप चढवून जोर वाढवला, जसा टूलरूममध्ये वाढवायचो. टूलरूममध्ये समोरचा धातू चांगला असतो, एवढंच मी विसरलो. भिंतीच्या आत एक बारीकसा 'कुट' झाला. हाताला आधी कळलं, कानाला नंतर.

निपल आत मोडलं. भिंतीतून बोटाएवढी धार समोरच्या फरशीवर. मी घरातला कॉक बंद केला होता तो स्वयंपाकघराचा, बाथरूमची लाइन वेगळी. हे मला तीस वर्षांनी समजलं. ही टॉवेल घेऊन, मी जिन्याने गच्चीवर. टाकीला पाच कॉक, एकावरही नाव नाही. पाचही बंद केले. परत खाली येईपर्यंत अख्ख्या इमारतीतून "पाणी गेलं का हो?" अशा हाका, आणि दुसऱ्या मजल्यावरून सर वर येत होते. हातात ओली पंचांगाची दिनदर्शिका. बोलले काहीच नाहीत. ती माझ्यासमोर धरून उभे राहिले.

त्यांच्या बाथरूमबाहेरच्या भिंतीवर ओल आली आहे. रंगाचा खर्च माझा. संध्याकाळपर्यंत इमारत कोरडी, आणि जिन्यात माझ्याबद्दल काय बोललं जात होतं ते मी ऐकलं नाही असं मी ठरवलं आहे.

१९ जानेवारी, रविवार

प्लंबर आला. वॉचमनच्या ओळखीचा. ओडिशाचा, केंद्रापाडा जिल्ह्यातला, पट्टामुंडईच्या बाजूचा. त्या भागातले प्लंबर देशभर गेलेले आहेत आणि पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे, हे मला ठाऊक होतं. त्याला म्हटलं, तिथे शिकलास का? नाही म्हणाला, मामाकडे शिकला. मामा हडपसरला असतो.

त्याने मोडकं निपल बघितलं, मग माझा पाना बघितला, मग मला. काही बोलला नाही, सरांसारखाच. करवतीचं पातं भोकात घालून आतल्या तुकड्याला सावकाश दोन चिरा पाडल्या. पाडताना मध्येच थांबून बोटाने आतले आटे चाचपत होता, कारण पातं जास्त खोल गेलं तर आत भिंतीतल्या सॉकेटचे आटे कापले जातील आणि मग टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. मग छोटी छिन्नी लावून चिरेतला तुकडा आत दुमडला आणि पक्कडीने उपटला. बावीस मिनिटं. ते बघताना कालचा राग कुठेतरी गेला. हे काम मला येत होतं. सावकाश करायचं काम मी जोराने केलं, एवढाच फरक, आणि त्या फरकाचे तो आठशे रुपये घेऊन गेला. नव्या निपलला त्याने टेफ्लॉन लावला आणि वर माझाच ताग गुंडाळला. बोहरी आळीतल्या पोराला हे सांगायला हवं.

जाता जाता जुन्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हातात घेऊन विचारलं, "काका, ये किसने बंद किया?"

व्हॉल्व्हच्या बारीक भोकात पांढरा, दगडासारखा गोळा. एम-सील. मीच भरलं होतं, पाच-सहा वर्षांपूर्वी, कारण पाणी तापताना तिथून थेंब पडायचे आणि ही म्हणायची फरशी ओली होते. पाणी तापलं की फुगतं. मागे लाइनमध्ये परत जायला वाट नसते, कारण तोच व्हॉल्व्ह उलटं पाणी अडवतो. म्हणून जास्तीचा दाब त्या भोकातून थेंबाथेंबाने सोडायचा. ते थेंब म्हणजे गळती नव्हती, यंत्राचं काम चालू होतं. ते मी बंद केलं, आणि पुढे प्रत्येक सकाळी टाकीने तो दाब अंगावर घेतला. बुडाच्या भोकात कांडीचा वाटा किती आणि माझा किती, कोण सांगणार. वेळेला थर्मोस्टॅटही अडकला असता तर हे भोकावर भागलं नसतं.

आजीच्या बंबाचं तोंड उघडं असायचं.

२० जानेवारी, सोमवार

शेवटची जोडणी कंपनीच्या माणसाकडून करून घ्यायची असं हिने ठरवलं आणि मी मान डोलावली. ह्या वयात दोन ओल्या भिंती परवडत नाहीत.

पोरगा चटपटीत. मी टांगलेला गिझर हलवून बघितला, "मस्त टांगलाय काका" म्हणाला. मला बरं वाटलं, लपवत नाही. पाइप जोडले, पाणी भरून हवा काढली, पिन सॉकेटमध्ये घातली, लाल दिवा लागला. वीस मिनिटांनी नळाखाली हात धरून "झालं" म्हणाला. फ्री इन्स्टॉलेशनचे साडेचारशे रुपये झाले, कारण मी आणलेले पाइप त्याने वापरले नाहीत. त्याच्या बॅगेतलेच वापरले. कंपनीचे असतील तरच वॉरंटी, असं त्याचं म्हणणं.

"अर्थिंग तपासलंस का रे?"

"आहे ना काका. तीन पिनचं सॉकेट आहे की."

कार्डावर शिक्का मारून गेला.

२१ जानेवारी, मंगळवार

आठ दिवसांनी पहिली पोटभर अंघोळ. १५ लिटर पाणी वीस अंशांवरून साठावर न्यायला पाऊण युनिटच्या आत वीज आणि वीस-एकवीस मिनिटं. कागदावर काढलेला हिशेब घड्याळाशी जुळला.

ही अंघोळीहून बाहेर आली आणि सहज म्हणाली, "ह्यातही नळाला चुणचुणतंच हो."

"ह्यातही म्हणजे?"

"म्हणजे जुन्यात व्हायचं तसंच. तुम्हाला सांगितलं होतं की. दोन वर्षं झाली. तुम्ही म्हणालात थंडीने मुंग्या येतात."

मी म्हणालो होतो. मला आठवतं. पेपर वाचत होतो.

२२ जानेवारी, बुधवार

वायरमन साठीचा, औंध आयटीआयचा, परवानाधारक. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मागचा निघाला, तेव्हा पहिली दहा मिनिटं कोणत्या बॅचला कोण मास्तर होते ह्यात गेली. मग पिशवीतून त्याने जे काढलं ते बघून मला हसू आलं. बॅकेलाइटचा होल्डर, दोन वायरी, शंभरचा पिवळा दिवा. आजकाल मिळत नाही, जपून ठेवलाय म्हणाला.

सॉकेट उघडलं. एक वायर फेजला, एक न्यूट्रलला, दिवा लख्ख. मग न्यूट्रलची वायर काढून वरच्या तिसऱ्या भोकाला लावली. दिवा गप्प. त्याने वायर घासून पुन्हा लावली. गप्प. ह्या तिसऱ्या पिनची मला फार पूर्वीपासून गंमत वाटते. बाकी दोघींपेक्षा ती जाड आणि लांब, म्हणजे प्लग घालताना आधी तिने पोचायचं आणि काढताना शेवटी सुटायचं. एवढा मान, आणि आमच्याकडे ती भिंतीत कुठेच पोचत नव्हती.

कुठेच नाही असंही नव्हतं. हिरवी वायर होती. तिचा माग काढत तो बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये वाकला आणि मला बोलावलं. वायर जीआयच्या पाइपला पट्टीने आवळलेली. बांधकामाच्या वेळी बिल्डरच्या माणसाने केलेला सोपा मार्ग: लोखंडी पाइप तळमजल्यापर्यंत, तिथून जमिनीत, म्हणजे झालं अर्थिंग. तेव्हाही बरोबर नव्हतंच, पण कसंबसं चालत असे. मग वायरमनने टॉर्च खाली फिरवला. हातभर खाली लोखंडी पाइप संपून पांढरा प्लास्टिकचा सुरू.

२०२२ मध्ये सोसायटीने डक्टमधल्या सगळ्या उभ्या लाइनी बदलल्या. गंज खाल्ला होता, पाणी तांबडं यायचं. मी त्या कमिटीत होतो. तीन कोटेशनं मागवली, पाइपची जाडी कॅलिपरने मोजून घेतली. काम उत्तम झालं, पाणी स्वच्छ यायला लागलं, आणि त्या दिवशी माझ्या गिझरचं अर्थिंग तुटलं. प्लंबरला विजेशी देणंघेणं नव्हतं, वायरमनला कुणी बोलावलं नव्हतं. हिची चुणचुण तेव्हापासूनची.

मी म्हटलं, पण एमसीबी आहे ना? तो म्हणाला, "एमसीबी सोळा अँपिअरला पडतो. माणूस अँपिअरच्या दहाव्या हिश्शाला जातो. ओल्या अंगाने तर बोलायलाच नको." कॉइलला उद्या चीर गेली असती तर वीज गिझरच्या अंगावर येऊन थांबली असती, कुणाचा तरी हात लागायची वाट बघत. अर्थिंग असतं तर तिला जमिनीची वाट मिळून एमसीबी तिथल्या तिथे पडला असता.

हे काम मी करू का असं मी विचारलंही नाही. नवी वायर ओढायची म्हणजे नियम ४५ चा अपवाद संपला, पण मला त्या क्षणी नियम आठवला नव्हता. मी टॉर्च धरला. मीटररूममधल्या अर्थच्या पट्टीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याने केसिंग पट्टीतून हिरवी वायर आणली. बागेतला अर्थिंगचा खड्डा उघडला तर आत वाळलेली पानं आणि एक चेंडू. साफ करून दोन बादल्या पाणी ओतलं. बोर्डात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. जाणारी वीज आणि परत येणारी वीज ती सतत मोजत असते, आणि वाटेत एवढीशीही कुठे गळाली की निमिषात पडते. मग तिसऱ्या भोकाला दिव्याची वायर लावायला गेला आणि थबकला. "आता हे असं नाही करायचं, पडेल ती." लावून दाखवली. खट्, सगळं घर अंधारात. ही आतून ओरडली. वायरमन खूष.

आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, अशी ताकीद आहे. दिनदर्शिकेवर लिहून ठेवलं. सरांना नवी आणून दिली तेव्हा तिच्यावरही लिहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पेपरात सगळीकडे जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार. सिंहगड रस्त्याकडे, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी. पाणी उकळून प्या म्हणतात. जिन्यात एकीने विचारलं, गिझरचं प्यायलं तर चालेल ना, तेवढाच गॅस वाचेल. म्हटलं, साठ अंश म्हणजे उकळणं नव्हे, आणि माझ्या टाकीतून काय निघालं ते या, दाखवतो. दोन ओंजळी क्षार अजून डब्यात आहेत. बघून ती गुपचूप गेली.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, मग त्याच खुर्च्यांवर सोसायटीची बैठक. अध्यक्षांनी फलकावर आधीच लिहून ठेवलं होतं: 'गच्चीवरील टाकीच्या कॉकला सदस्यांनी परस्पर हात लावू नये. ज्यांनी लावला त्यांना कळेलच.' त्याखाली मी कॉकच्या नावांची यादी लावली. पाचही कॉकवर रंगाने नंबर घातले आहेत.

जुना गिझर भंगारात गेला. भंगारवाल्याने टाकीला वजनाचा भाव दिला आणि कॉइलसाठी हात पुढे केला. तांबं आहे ना, म्हणून. कॉइल मी ठेवून घेतली. कांडीची तारही.

वायरमनला बोलावलं होतं. सोळाच्या सोळा फ्लॅट तपासायचे ठरले, प्रत्येकी दोनशे. पिवळा दिवा घेऊन तो पुढे, मी टॉर्च घेऊन मागे. आणि काही कारण नसताना ही आमच्या मागे. चौथ्या मजल्यावर दोन ठिकाणी कुणीतरी पूर्वीच वेगळी अर्थची वायर ओढलेली, दिवा लागला. बाकी सगळीकडे फेज-न्यूट्रलला लख्ख, तिसऱ्या भोकाला गप्प.

दुसऱ्या मजल्यावर सरांनी दार उघडलं. ओली भिंत वाळते आहे, तिच्याकडे मी बघितलं नाही. वायरमनने दिवा लावला. गप्प.

"पण पाणी तर छान गरम येतं," सर म्हणाले. "तीस वर्षांत काही झालं नाही."

मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात मागून हिने सरांना ओलांडून आत बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या वहिनींना विचारलं, "नळाला चुणचुणतं का हो तुमच्या?"

"चुणचुणतं ना," वहिनी म्हणाल्या. "पण हे म्हणतात, थंडीने."